भट्टी गार होती तेव्हा

आमच्या पावाच्या दुकानाला सुट्टी माहीत नाही. भट्टीचा तळ फुटला, गवंडी म्हणाला, पूर्ण गार झाल्याशिवाय मी आत हात घालणार नाही, तेव्हा कुठे आम्हाला खाली बसायला मिळालं. मी म्हटलं, बरं झालं, साचे घासून काढू. तर सुनेने परस्पर तळ्यावरची होडी ठरवून टाकली. म्हणे जरा गार वाऱ्याला बसू.

तिचा डाव मला कळला होता. मागच्या आठवड्यात माझा पोरगा भट्टीपुढे उभ्या उभ्या झोपला आणि हात तापलेल्या दाराला टेकला. कोपरापर्यंत पट्टी आहे. तेव्हापासून सुनेचं एकच टुमणं, रात्रीची भट्टी बंद करा, संध्याकाळी भाजा आणि सकाळी तोच पाव विका. मी सांगितलं, माझ्या सासऱ्यांपासून या दुकानातून सकाळी गरम पाव जातो. गार पाव विकायचा असेल तर सायकलींचं पंक्चर काढायचं दुकान टाका, त्यात काही करपत नाही. तेव्हापासून ती माझ्याशी मोजूनमापून बोलत होती. घरात विषय निघाला की मी उठून जाते. होडीतून उठून कुठे जाणार?

तर आम्ही तिघं आणि कुत्रा. कुत्र्याचं नाव साहेब. वेळेवर जेवतो, काम काही करत नाही आणि येईल त्याच्याकडे संशयाने बघतो, म्हणून साहेब. तो होडीच्या टोकाला जीभ काढून भात्यासारखा धापा टाकत बसला. पोराचा हात असा, म्हणून वल्ही सुनेने धरली. पीठ मळून तिचे दंड तयार झालेत, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

ऊन मी म्हणत होतं. माझा जन्म भट्टीपुढे गेला, पण भट्टीला पाठ तरी दाखवता येते. या उन्हाला सगळीकडूनच तोंड होतं. मी छत्री उघडली आणि ती पोरावर धरली.

तळ्याच्या मध्यावर सुनेने वल्ही होडीच्या काठावर टेकवली आणि पायाने नवऱ्याला डिवचलं. बोला, असा त्याचा अर्थ. त्याने माझ्याकडे बघितलं, "आई" म्हणाला आणि एवढी मोठी जांभई दिली की पुढचं तिच्यातच गेलं. मग म्हणाला, "मी पडतो."

आमच्या घरात हा शब्द नुसता बोलायचा नसतो. झोप तुकड्यातुकड्याने मिळते, म्हणून झोपणारा सांगतो, मी पडतो. आणि जो "पड" म्हणतो, त्याच्यावर भट्टी. मग त्याने डोळा मिटायचा नाही, घर कोसळलं तरी. सून म्हणाली, "पडा." थोड्या वेळाने ती म्हणाली, "आई, मी पडते." मी सवयीने म्हटलं, "पड." म्हणजे आता होडी माझ्यावर आली.

मी बसले होते. पाणी एका जागी होतं, वारा नव्हता, आणि पापण्यांवर कुणी ओल्या पिठाचे गोळे ठेवल्यासारखं झालं. मी म्हटलं, "मी पडते." साहेबाने नाकातून "हुं" केलं. मला ते पुरलं. खरं सांगते, त्या क्षणी मला वाटलं की जबाबदार माणसाने हो म्हटलं.

जाग आली ती धक्क्याने. होडीचं तोंड पल्याडच्या लव्हाळ्यात घुसलं होतं. एक वल्हं पाण्यात लांब निघून गेलं होतं. साहेब एका पाणकोंबडीवर भुंकत होता. छत्री माझ्या हातातून पडली होती आणि पोराच्या तोंडावर सगळं ऊन होतं.

सुनेने त्याला हाक मारली. उठला नाही. खांदा हलवला. नाही. मी लहानपणच्या नावाने हाक मारली, त्या हाकेला तो झोपेतून धावत यायचा. साहेब त्याच्या कानाशी जाऊन भुंकला, तरी पापणी हलली नाही. सुनेने ओंजळीने त्याच्या तोंडावर पाणी मारलं.

तेव्हा तो एकदम उठून बसला. पट्टीचा हात पुढे गेला आणि हवेत भट्टीच्या फावड्याचा दांडा शोधायला लागला. डोळे उघडे होते, पण त्यांना तळं दिसत नव्हतं. मी दिसत होते.

"किती जळाले?" त्याने विचारलं. मग घाईघाईने म्हणाला, "आई, मी झोपलो नव्हतो. शप्पथ."

चाळिशीला आलेला बाप्या, आणि आईपुढे शप्पथ घेत होता.

मी म्हटलं, "काही जळालं नाही. आडवा हो." तो मागे कलंडला आणि तसाच पुन्हा झोपला. जागा झाला होता की नाही, कोण जाणे.

सून आता बोलेल म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं. तर तिने छत्री उचलून त्याच्यावर धरली आणि लव्हाळ्याकडे बघत राहिली. न बोलणाऱ्या माणसाशी भांडण कसं करायचं, हे मला कुणी शिकवलं नाही.

शेवटी मीच म्हटलं, "गवंडी गेला की भट्टी संध्याकाळी पेटवायची. रात्री नाही."

ती वळली. "आणि सकाळी?"

"सकाळी गार पाव विकायचा. काय करणार मग."

"गिऱ्हाईक बोलेल, आई."

"गल्ल्यावर मी बसते. माझ्या तोंडावर बोलून दाखवावं."

"तेवढी कुणाची छाती आहे," ती म्हणाली. कितीतरी दिवसांनी ती माझ्याशी सरळ बोलली, आणि तेही असं. पण मला हसू आलं नाही. गार पाव म्हणताना माझीच जीभ जड झाली होती. दुकानासमोरचा चहावाला पाव हातात घेऊन दाबून बघणार, मला माहीत आहे.

मग तिने उरलेल्या वल्ह्याने होडी लव्हाळ्यातून ढकलली. एका वल्ह्याने होडी जागच्या जागी गोल फिरायला लागली. मी म्हटलं, एकदा या अंगाला मार, एकदा त्या अंगाला. ती म्हणाली, तुम्हीच मारून बघा. मी चार वेळा मारलं आणि छातीत दम उरला नाही. वल्हं मांडीवर घेऊन बसले. साहेब माझ्या पायांवर येऊन पडला, वल्ह्याच्या पाण्याने ओला आणि गरम. होडीवाल्याला त्याची होडी हवीच असणार, येईल शोधत. तोवर आम्ही दोघी छत्रीचा दांडा आळीपाळीने धरत बसलो. पोराला जाग येईल, अशा आवाजात कुणी बोललं नाही.