हरेश्वरला पुनव चढते

पूर्वेच्या डोंगरामागे आधी एक तांबूस धग उजळते. मग माडांच्या शेंड्यांना कडा फुटतात आणि रक्तवर्ण, विशाल, संथ असा पुनवेचा चंद्र वर येतो. त्या वेळी पश्चिमेचा समुद्र दूर, फार दूर मागे सरलेला असतो. उघडी पडलेली ओल्या वाळूची पुळण काळ्या आरशासारखी लकाकते आणि खाडीकाठच्या त्या गावात एकेक दार लागू लागतं.

एका दारामागे, माजघरातल्या खांबाला, हरेश्वर बांधलेला असतो.

अठरा वर्षं. दर पुनवेला. त्याचा बाप चैत्रातल्या एका पुनवेला, चांदणं अंगावर घेत, त्या पुळणीवरून चालत गेला होता. चालत गेला, चालत गेला; भरती परत आली, तो आला नाही. ‘पुनव चढली त्याला, चांदण्याने खुळावला,’ गाव म्हणालं. पुढच्या पुनवेला बारा वर्षांचा हरेश्वर ‘बाबा, बाबा’ करत किनाऱ्याकडे धावला. आई भागीरथीने त्याला वाटेतच धरलं, ओढत घरी आणलं आणि काथ्याच्या दोराने खांबाला बांधलं. बाप गेलेल्या पोराचा आक्रोश होता तो. गावाने त्याला दुसरं नाव दिलं : पोरालाही चढते.

एरवी हरेश्वर होड्या बांधणारा सुतार. शांत, शीतल, शब्दांचा कंजूष. फुटक्या फळीवरून हात फिरवायचा तो आजारी गुराच्या पाठीवरून फिरवावा तसा.

माघात लग्न होऊन सुगंधा त्या घरात आली आणि पहिल्याच पुनवेला तिने सगळं पाहिलं. दुपारी सासूने दोर काढून ओसरीवर ठेवला. दोर दिसताच हरेश्वरचा घास ताटात राहिला. शेजारणीने पोरांना हाका मारून आत घेतलं. हरेश्वरचे ओठ पांढरे पडले. आभाळात चंद्राची रेघही नव्हती, आणि तो आपणहून खांबाला पाठ लावून बसला. मग ते हिसडे, ते कण्हणं, मनगटांवर उमटलेली रक्ताची कंकणं. आणि समोर, पापणी न लववता, भागीरथी.

याला कोण चढतं? सुगंधाच्या मनात आलं. वरचा चंद्र, की समोरचे डोळे?

आषाढ आला. कृष्णमेघांनी आभाळ लिंपून टाकलं. भागीरथी तापाने फणफणली, तिला तिथीवाराचं भान उरलं नाही. गाव पावसात मुटकुळं करून बसलं होतं. भिंतीवरच्या कॅलेंडरात पुनव एकट्या सुगंधाने पाहिली. तिने भात वाढला, सुक्या बांगड्याचं कालवण वाढलं. हरेश्वर पोटभर जेवला आणि आडवा झाला. मेघांच्या पलीकडून पूर्ण चंद्र त्या घरावरून, त्या छपरावरून, त्या कपाळावरून पुढे सरकत गेला, आणि हरेश्वर घोरत राहिला. सुगंधा मात्र उजाडेपर्यंत उशाशी बसून होती.

महिनाभर तिने ते ओठांआड ठेवलं. श्रावणात नारळी पुनव आली. दर्याला नारळ वाहायला गाव नटलं. भागीरथी देवळात गेली होती. येऊन त्याला बांधणार होती. तेवढ्यात सुगंधा त्याच्यासमोर बसली.

“आषाढातली पुनव कधी झाली, ठाऊक आहे तुम्हाला?”

“नाही.”

“झाली. तुम्ही माझ्याशेजारी झोपला होतात.”

त्याने मनगटांवरच्या वळांवरून बोट फिरवलं. मग उठला, धुतलेला सदरा घातला आणि म्हणाला, “चल. नारळ घे.”

किनाऱ्यावर ढोल चालू होते, गुलाल उडत होता. गर्दीने त्या दोघांना पाहिलं आणि ढोल थबकले. माणसं बाजूला झाली, बाजूला होत गेली. त्याच क्षणी डोंगरावरचे ढग फाटले. सुवर्णमुख, सजल, सतेज असा चंद्र बाहेर आला. अठरा वर्षांनी हरेश्वरने मान वर केली.

“केवढा गो हा!” तो म्हणाला आणि हसला. लहान पोरासारखा, मोठ्याने हसला.

ते हसू ओल्या पुळणीवर घरंगळत गेलं. कुणी शेजाऱ्याचा हात घट्ट धरला. कुणी मागे सरलं. आणि मागून भागीरथी धावत आली, केस सुटलेली, श्वास तुटलेला. “धरा त्याला! चढली त्याला!”

दहा जणांनी त्याला धरलं. तो सुटायला धडपडला. कोण धडपडणार नाही? पण धडपडला म्हणून वीस जण आले. गुडघे बसले, मुठी बसल्या. ज्याच्या होडीची फळी त्याने वैशाखात जोडून दिली होती, त्या बाळकृष्णाने वल्हं उचलून त्याच्या कपाळावर घातलं. बाळकृष्णाच्या डोळ्यांत चंद्र होता. साऱ्यांच्याच डोळ्यांत होता.

“नको रे मारू!” भागीरथी किंचाळली. कुणाला ऐकू गेलं नाही.

सुगंधा त्याच्या अंगावर आडवी पडली. “आषाढात पुनव झाली तेव्हा हे घोरत होते!” ती ओरडली. “कळलं होतं तुम्हाला कुणाला?”

हात थांबले. लाट दूर कुठेतरी फुटली.

पहाटे दोघं गाव सोडून निघाली. हरेश्वरच्या कपाळाला फडकं होतं. तो आईच्या पाया पडला.

“मी तुला वाचवत होते रे, हरी.”

“हो, आई.”

“तुम्हीही चला,” सुगंधा म्हणाली.

भागीरथीने मान हलवली. “मी आले, तर मग अठरा वर्षं मी काय केलं?”

भादव्यातली पुनव स्वच्छ निघाली. हरेश्वर नव्हता, तरी दुपारपासून गावाची पावलं जड झाली. पोरांना हाका गेल्या. माणसं एकमेकांकडे बघत राहिली, मग त्या घराकडे. संध्याकाळी चौघे जण आले आणि त्यांनी भागीरथीच्या दाराला बाहेरून कडी घातली.

ती अंधारात भिंतीला टेकून बसली. हळूहळू दाराखालच्या फटीतून चांदणं आत आलं. शुभ्र, शांत, सावकाश. जमिनीवरून सरकत तिच्यापर्यंत आलं, आणि तिने पाय आखडून घेतले.