मागच्या सीटवर रेवती

निफाड सोडून चार-पाच किलोमीटर झाले असतील, तेव्हा माझ्या बायकोचे हात लांब व्हायला लागले.

ती मागे बसली होती. तिने दोन्ही हात माझ्या जॅकेटच्या आत घालून पोटाशी गुंफले होते. सकाळचे सात वाजले होते. द्राक्षबागा गारठू नयेत म्हणून लोकांनी बांधाबांधावर शेकोट्या पेटवल्या होत्या आणि त्यांचा धूर रस्त्यावर गुडघाभर साचला होता. माझ्या अंगात दोन स्वेटर होते, छातीवर जुनं वर्तमानपत्र दुमडून ठेवलेलं होतं, कानटोपीवर हेल्मेट होतं. तरी वारा बाह्यांतून आत शिरत होता.

"रेवती, जरा घट्ट धर," मी म्हणालो.

तिने घट्ट धरलं. तिचे हात पोटावरून पाठीकडे गेले, आणि पाठीवरून फिरून पुन्हा पोटावर आले. मला बरं वाटलं.

आम्ही कळवणजवळ तिच्या माहेरी चाललो होतो. आदल्या दिवशी ती म्हणाली होती, "मी थोडे दिवस आईकडे राहते." किती दिवस, असं मी विचारलं, तर "बघू" म्हणाली. मी शीतगृहात काम करतो. आठ तास द्राक्षांच्या पेट्यांमध्ये शून्य अंशात उभा असतो आणि घरी येऊन जेवून झोपतो. "तुमच्या अंगाला हात लावला की मीच गार पडते," असं ती मागे एकदा म्हणाली होती. आता तिची बॅग माझ्या पुढ्यात, पेट्रोलच्या टाकीवर होती. बॅगेची चेन पुरती लागली नव्हती. आत उन्हाळ्यात नेसायच्या सुती साड्या दिसत होत्या.

पिंपळगाव येईपर्यंत हातांचे चार वेढे झाले. तिची हनुवटी माझ्या खांद्याला टेकलेली होती, ती लागेनाशी झाली. मी आरशात पाहिलं. सीट मागे वाढली होती. शाळेतल्या बाकासारखी सरळ, आणि तिच्या टोकाला रेवती डोक्यावरून हिरवी शाल घेऊन बसली होती. आमच्या मध्ये दोन माणसं सहज बसली असती.

"बरी आहेस ना?"

"हं," ती म्हणाली. आवाज जरा उशिरा आला.

वणीच्या अलीकडे वेढे छातीपर्यंत चढले. माझी मान वळेना. अंगाला घाम सुटला होता. मागून येणारी जीप आधी तिला ओलांडायची, आणि बऱ्याच वेळाने मला. आरशात आता शाल तेवढी दिसत होती, हिरव्या मिरचीएवढी.

वणीत मी एका चहाच्या टपरीपाशी पाय टेकून थांबलो. टपरीवरच्या बाईंनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि चहा माझ्या हातात न देता ओठांशी धरला.

"घरच्या मागं राहिल्या वाटतं," त्या म्हणाल्या.

"येईल. थांबतो मी."

"थांबून नाही यायच्या. काल एक जण तासभर थांबला होता. त्याची आई होती मागं."

"मग काय केलं त्याने?"

"गेला पुढं. थंडी होती ना."

मी एक वेढा सोडवून पाहिला. जिथून तो निघाला तिथलं माझं अंग लगेच गारठलं, आणि खूप लांबून रेवतीचा आवाज आला, "नका सोडवू. बोटं बधिर होतात." मी तो वेढा परत होता तसा बसवला. बसवताना तिच्या उजव्या मनगटापाशी पोळल्याचा डाग दिसला. बराच जुना होता. मी तो पहिल्यांदाच पाहत होतो.

मग मी गाडी वळवली आणि आलो त्या रस्त्याने निघालो. आता ती समोर दिसायला हवी होती. समोर फक्त रस्ता होता. दोन किलोमीटर गेल्यावर आरशात पाहिलं, तर ती तेवढ्याच अंतरावर माझ्या मागे होती. मी पुन्हा गाडी वळवली. तेवढ्यात आणखी तीन वेढे वाढले.

नांदुरीच्या घाटात गारठा इतका होता की झाडांची पानं कडक झाली होती. तिचे हात माझ्या हनुवटीपर्यंत आले होते. मी ओरडून विचारलं, "थंडी वाजते का?"

उत्तर आलं नाही. दोन वळणं गेली. माझ्या मनात जे निफाडपासून होतं ते मी तिसऱ्या वळणावर म्हणालो. "रेवती, तिथे राहू नकोस. संध्याकाळी माझ्याबरोबर परत चल."

घाट संपला. एक पूल गेला, एक आश्रमशाळा गेली. मग मागून तिचा आवाज आला.

"हो."

तो होकार माझ्या कोणत्या बोलण्याला होता ते मला कळलं नाही. मी दुसऱ्या उत्तराची वाट पाहत राहिलो. ते आलं नाही.

सासूबाई अंगणातच होत्या. नवनाथने, रेवतीच्या धाकट्या भावाने, मला गाडीवरून उचलून उतरवलं. सीट फाटकातून बाहेर गेली होती आणि वळणावर दिसेनाशी होत होती.

"दाजी, ताई कुठाय?"

"मागे बसली आहे."

नवनाथने रस्त्याकडे पाहिलं. त्यांनी मला अंगणातल्या चुलीपाशी उभं केलं. सासूबाईंनी माझ्या गळ्यापाशी गुंफलेली बोटं हातात घेतली आणि चोळली. "गार पडलीत," त्या म्हणाल्या. "तिच्या पोटात काही गेलं नसेल." त्यांनी तव्यावरची बाजरीची भाकरी काढली, तिच्यावर लोण्याचा गोळा ठेवला आणि भाकरी दुमडून रेवतीच्या उजव्या हातात दिली.

बोटांनी भाकरी धरली. मग तो हात माझ्याभोवतून सुटायला लागला. घाई न करता, एकेक वेढा. गळा मोकळा झाला, छाती मोकळी झाली. भाकरी माझ्याभोवती फिरत फिरत खाली गेली, अंगण ओलांडून फाटकाबाहेर गेली आणि रस्त्याला लागली. लोण्याचा एक थेंबही सांडला नाही. माझे दात वाजायला लागले.

मग डावा हातही सुटायला लागला. शेवटचा वेढा निघण्याआधी मी त्याचा पंजा माझ्या दोन्ही हातांत धरला.

हात ताणला गेला. अंगणावर गुडघ्याएवढ्या उंचीवर तो सरळ आडवा राहिला.

"सोडा, जावईबापू," सासूबाई म्हणाल्या. "दुखत असंल तिला."

"ती परत येणार म्हणाली आहे."

"असं म्हणाली?"

"हो म्हणाली."

त्यांनी नवनाथकडे पाहिलं. नवनाथने मान खाली घातली आणि फाटक पूर्ण उघडून धरलं.

मी पंजा सोडला नाही. माझ्या टाचा सारवलेल्या अंगणात दोन रेघा ओढत फाटकाकडे निघाल्या.