ताईच्या वर्गातला मागचा बाक

मुख्याध्यापिका होणं काही कठीण नाही. खुर्चीत बसायचं, घंटा झाली की मान वर करायची आणि आवाज आला की व्हरांड्यात जाऊन डोळे वटारायचे. पण ज्या शाळेत आपली सख्खी थोरली बहीण शिकवते, तिथं मुख्याध्यापिका होण्याची दुर्बुद्धी कुणाला होऊ नये. आमच्या या बाईंना झाली, आणि तीन वर्षं त्यांनी ती निस्तरली.

घरी त्यांना बेबी म्हणत. पन्नाशीला टेकलेली बाई, चष्मा लावणारी, सही करताना पेन दोनदा झटकणारी, पण ताईच्या तोंडी अजून बेबीच. दोघी एकाच इमारतीत, वरखाली राहायच्या. बेबीनं दूध किती उकळावं, पडदे कधी धुवावेत, नवऱ्याला किती बोलू द्यावं, हे सगळं ताई ठरवायची. शाळेच्या फाटकात शिरलं की मात्र ताई तिला मॅडम म्हणायची, आणि ते अशा काही सुरात म्हणायची की ऐकणाऱ्याला वाटावं, ही शिवीच देतेय.

तर या शाळेत दर वर्षी शिक्षकांना शेरे मिळत. उत्तम, साधारण, कच्चं, असे तीन. कच्चं मिळालं की वर्ग काढून घ्यायचे आणि ग्रंथालयात पुस्तकांना चिठ्ठ्या डकवायला बसवायचे. शेरा द्यायचा तर मुख्याध्यापिकेनं तासाला मागं बसावं, बघावं, मग शिक्षकाशी बोलावं, अशी रीत. बेबीमॅडम सगळ्यांच्या वर्गात बसल्या. खेळाच्या सरांची कवायत तर त्यांनी भर उन्हात उभं राहून पाहिली, आणि साधारण देऊन मोकळ्या झाल्या. ताईच्या वर्गात मात्र त्या एकदाही बसल्या नाहीत. तिला न बघताच तिन्ही वर्षं उत्तम.

हे शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. ताईचा वर्ग काय चीज आहे हेही ठाऊक होतं. व्हरांड्यातून जाताना कधीही कान द्यावा, ताई पुस्तक वाचून दाखवतेय, मुलं जांभया देतायत, आणि अधूनमधून ताईही देतेय. खेळाच्या सरांना, म्हणजे शाळेच्या भाषेत शिट्टीसरांना, हे भारी झोंबलं होतं. यंदा शेऱ्यांचे दिवस आले तसे ते सगळ्यांच्या वतीनं बेबीमॅडमच्या खोलीत आले आणि शांतपणे म्हणाले की ताईंच्या वर्गात बसा, नाहीतर आमच्याही वर्गात बसू नका, आम्ही दार लावून घेऊ. बेबीमॅडमना त्यांचा राग आला. जास्त राग याचा आला की माणूस बरोबर बोलत होता.

जाणं भाग होतं. आणि जाऊन जे दिसणार होतं, त्याचा त्यांना आधीच अंदाज होता. ताईला कच्चं लिहायचं म्हणजे तिला हातानं उचलून ग्रंथालयात नेऊन ठेवायचं. ज्या बहिणीनं आपल्याला अक्षर न् अक्षर शिकवलं, तिला चिठ्ठ्या आणि डिंक. उत्तम लिहायचं तर उद्यापासून शाळेत कुत्रंही विचारणार नाही. बेबीमॅडमनी ताईला आठवडाभर आधी कळवलं, आणि तिथंच घोटाळा केला.

कारण ताई कामाला लागली. वाऱ्याचा धडा निवडला. प्रश्न ठरवले, उत्तरं ठरवली, कुणी कुठलं उत्तर द्यायचं तेही ठरवलं. मुलांचा गोंधळ नको म्हणून सोपी युक्ती काढली. पुढचा बसला की मागच्यानं उठायचं आणि आपलं उत्तर म्हणायचं. प्रश्न ऐकायची गरजच नाही. सातवी ब आठवडाभर हेच करत होती, उठतेय, बसतेय. मुलांनाही ते आवडलं, कारण डोक्याला ताप नव्हता.

ठरल्या दिवशी बेबीमॅडम मागच्या बाकावर बसल्या. गुडघे बाकाला अडले. ताईनं ठेवणीतली साडी नेसली होती आणि आवाजही ठेवणीतला काढला होता. हवेला वजन असतं का? पहिला उठला, हो म्हणाला. हवा तापली की काय होतं? दुसरी उठली, हलकी होऊन वर जाते म्हणाली. छान चाललं होतं. पण तिसऱ्या जागेवरची उंच मुलगी त्या दिवशी तापानं घरी झोपली होती, आणि हे ताईच्या काही लक्षात आलं नाही.

वारा म्हणजे काय, असं ताईनं विचारलं. चौथा मुलगा उठला आणि ठणकावून म्हणाला की ते कोंबड्यासारखं दिसतं आणि छपरावर बसवतात.

ताई म्हणाली, शाबास.

शाबाससुद्धा पाठ केलेलं होतं, त्याला ती काय करणार. पुढं विचारलं, वाऱ्याची दिशा दाखवणारं यंत्र कसं असतं. वाऱ्याच्या जोरावर समुद्र ओलांडतात, असं पाचवी म्हणाली. शिडाची जहाजं कशी चालतात, तर दारंखिडक्या लावून घरात गप्प बसावं, असं सहावा म्हणाला. पहिल्यांदा कोण हसलं कळलं नाही, पण मग अख्खी सातवी ब फुटली. बाकं बडवून हसली. बेबीमॅडमनी चष्मा काढून पुसायला घेतला, कारण वर बघायची त्यांची हिंमत नव्हती.

ताई फळ्याजवळ खडू धरून उभी राहिली. पाठ केलेलं संपलं होतं आणि तास अजून उरला होता. हसणं ओसरल्यावर खिडकीजवळच्या एका मुलीनं हात वर केला. तिला कुणी काही पढवलं नव्हतं, तिच्या वाट्याला उत्तरच आलं नव्हतं. तिनं विचारलं, बाई, पण वारा सुरू कुठून होतो?

ताईनं खडू ठेवला. वहीच्या पातळ कागदाच्या पट्ट्या फाडल्या, खिडक्या लावून घ्यायला सांगितल्या आणि दार बोटभर उघडलं. बाहेर व्हरांड्यात गारठा, आत एवढ्या पोरांची ऊब. एकाला खुर्चीवर चढवून दाराच्या वरच्या फटीशी पट्टी धरायला लावली, एकीला जमिनीवर पालथं झोपवून खालच्या फटीशी. वरची पट्टी बाहेर ओढली गेली. खालची आत आली. मुलं मागची उठून पुढं आली, एकमेकांच्या पाठीवर चढली. ताई विचारत होती, का, असं का, अजून कुणी सांगा, आणि चुकीचं उत्तर आलं की शाबास म्हणत नव्हती. ठेवणीतली साडी खोचून तीही जमिनीवर बसली होती.

बेबीमॅडमना ही पट्टी ओळखीची होती. आईच्या स्वयंपाकघराच्या दाराशी त्या स्वतः पालथ्या झोपल्या होत्या, फ्रॉक मळवून, आणि वर स्टुलावर ताई उभी होती. ही बाई एवढं सुंदर शिकवू शकते आणि इतकी वर्षं जांभया देतेय, याचा त्यांना मनापासून संताप आला.

संध्याकाळी त्यांनी ताईला खोलीत बोलावलं आणि दार लावलं.

"ताई, सुरुवात भयंकर होती," त्या म्हणाल्या. "मला लाज वाटली."

ताई खुर्चीच्या टोकाशी बसली होती. म्हणाली, "मलाही वाटली. पण त्याआधीची तीन वर्षं जास्त वाटली."

बेबीमॅडमना कळेना. तेव्हा ताईनं सांगितलं. "तू सगळ्यांच्या वर्गात गेलीस. त्या शिट्टीच्या कवायतीला उन्हात उभी राहिलीस. माझ्या दारातसुद्धा थांबली नाहीस, आणि वर उत्तम लिहून पाठवलंस. मी म्हटलं, हिनं मला निकालात काढलंय. हिला बघायचंही नाहीये. मग मी तरी कुणासाठी नीट शिकवू?"

यावर मुलं होती की वर्गात, त्यांच्यासाठी शिकवायचंस, असं बेबीमॅडम म्हणू शकल्या असत्या, आणि ते खरंच होतं. पण ताईचंही अर्धं खरं होतं. आत काय दिसेल याची धास्ती होती म्हणूनच त्या दारावरून पाय न वाजवता जात. त्यांनी ते तसंच्या तसं कबूल केलं. मग पेन दोनदा झटकलं आणि साधारण लिहिलं, ताईच्या डोळ्यांदेखत. आणि दर मंगळवारी वर्गात येऊन बसेन, कुठल्या तासाला ते न कळवता, असंही सांगितलं.

ताई ताडकन उठली आणि निघून गेली. घरी दोन मजल्यांमधलं बोलणं बंद झालं. दुधाबद्दल चौकशी नाही, पडद्यांबद्दल नाही. बेबीमॅडमच्या नवऱ्याला मात्र बऱ्याच दिवसांनी घरात चार वाक्यं सलग बोलता आली. शिट्टीसर ताईला आपल्या हातानं चहा नेऊन देऊ लागले, साधारण लोकांत स्वागत आहे म्हणून. ताईनं तो चहा प्यायला, पण त्यांच्याकडे बघितलं नाही.

मंगळवारी बेबीमॅडम वर्गात शिरल्या, तेव्हा वर्ग उठला, ताई उठली नाही. मागं बसा, एवढंच म्हणाली. पुस्तक मिटलेलं होतं. मुलांच्या हातात भिंगं होती आणि टेबलावर पानांचा कचरा. ताईनं एक प्रश्न टाकला आणि गप्प उभी राहिली. कुणालाच येईना. शांतता एवढी लांबली की बेबीमॅडमना राहवेना. आपण कोण, कुठं बसलोय, का बसलोय, सगळं विसरून त्यांनी हात वर केला.

ताईनं पाहिलं.

"हात खाली घे बेबी," ती म्हणाली. "तुला येतं, मला माहीत आहे. यांना विचार करू दे."

वर्गानं एकदम मागं वळून पाहिलं. मधल्या सुट्टीपर्यंत हे नाव सगळ्या शाळेत झालं, ते आता काही केल्या जायचं नाही. पण त्या क्षणी बेबीमॅडमनी हात खाली घेतला, मांडीवर ठेवला आणि मान खाली घातली, कारण डोळे भरून आले होते आणि पुढं सातवी ब बघत होती.