चिकणमातीने धरून ठेवलेलं पाणी

पेट्रोल पंपाच्या आवारात तीन उभे पाइप पुरलेले होते. जमिनीखालची जुनी डिझेलची टाकी गळतेय का, आणि गळत असेल तर डिझेल कुठे जातंय, हे त्यांतल्या पाण्यावरून पाहायला भूजलतज्ज्ञ बाई आली होती. कुंपणापलीकडे लाँड्री होती. लाँड्रीवाली बोअरच्या पाण्यात कपडे धूत असे, आणि घरचे पीतही तेच.

बाईने पहिल्या पाइपात मोजपट्टी सोडली. टोक पाण्याला लागताच पट्टी वाजली. लाँड्रीच्या बाजूच्या दुसऱ्या पाइपात ती जरा आणखी खोल वाजली. म्हणजे जमिनीखालचं पाणी लाँड्रीकडे उतरत होतं. तिसरा पाइप टाकीला लागून होता. तिथे पट्टी फारच लवकर वाजली. तिने पुन्हा मोजलं, मग थोडं पाणी बाटलीत काढून नाकाशी धरलं.

"मालक, यात नळाचं पाणी कोणी ओतलं?"

"नळाचं? ते कशावरून?"

"क्लोरीनचा वास आहे. शिवाय इथलं पाणी बाकीच्यांपेक्षा दोन हात वर आहे. जमिनीखाली पाणी असं ढीग करून बसत नाही. इथे घट्ट चिकणमाती आहे, तिने धरून ठेवलंय. वाळू असती तर रात्रीत निघून गेलं असतं, मला कळलंही नसतं."

आदल्या संध्याकाळी मालकाने स्वतःच या पाइपाचं झाकण उघडलं होतं. आतून डिझेलचा भपकारा आला, तेव्हा नळी लावून त्याने पाणी सोडलं. वास जाईपर्यंत सोडलं.

मालकाची आई पंपाच्या ऑफिसच्या दारात चहा घेऊन उभी होती. मालक तिच्याकडे पाहून हसला.

"आमच्या मातोश्री. कोणी येणार म्हटलं की अंगणापासून माळ्यापर्यंत सगळं धुऊन काढतात. तुम्ही येणार कळल्यावर पाइपलाही आंघोळ घातली असेल."

पेट्रोल भरणारा गडीही हसला. आईने मुलाकडे पाहिलं. हातातला ट्रे तिने सावकाश टेबलावर ठेवला.

"हो बाई, मीच ओतलं. घाण दिसली, ओतलं."

"झाकण कशाने उघडलंत, आजी?"

"हातानेच."

झाकणाला बोल्ट होता आणि तो फक्त एका खास पान्याने निघायचा. बाईने बोल्टकडे पाहिलं, मालकाकडे पाहिलं आणि बाटलीचं बूच लावलं.

"हा नमुना बाद. पाइप उपसायला हवा, मग आठवड्याभराने पुन्हा येईन."

"आणि तोवर शेजारचे?" आईने विचारलं.

"आमचं ऑफिस नुसत्या अंदाजावर कोणाची बोअर बंद करत नाही, आजी. डिझेलचा जरा जरी वास आला असता तर मी इथूनच पलीकडे सांगायला गेले असते."

मालक जमिनीकडे पाहत राहिला. बाई निघून गेली.

आईने ऑफिसच्या नळावर कॅन भरायला लावला.

"आई, कशाला? राहू दे."

"म्हातारीला अक्कल नाही असं सांगितलंस ना चारचौघांत? मग म्हातारी काहीही करेल."

कॅन तिला उचलवेना. दोन्ही हातांनी ओढत ती फाटकापर्यंत गेली तेव्हा त्याने तो तिच्या हातून घेतला. ती मागे फिरली नाही, त्याच्याबरोबर पलीकडे चालत राहिली.

लाँड्रीवाली इस्त्री करत होती. "काय भाऊ, आज पेट्रोलऐवजी पाणी वाटताय?"

"वहिनी, बोअरचं पाणी पिऊ नका. काल मला आमच्या टाकीजवळच्या पाइपात डिझेलचा वास आला होता. लपवायला म्हणून मीच पाणी ओतलं. आईने नाही."

तिने इस्त्री उभी करून ठेवली. "काल कधी?"

"संध्याकाळी."

आतल्या खोलीत तिची सून झोपली होती. सातवा महिना चालू होता.

"रात्री तिला ताप होता," लाँड्रीवाली म्हणाली. "मी जागून तिला पाणी पाजत होते. भरपूर पी म्हणत होते."

त्याने कॅन उंबऱ्याशी ठेवला. तिने कॅन ओढून आत घेतला, आणि पडदा बाजूला धरून म्हणाली, "आजी, तुम्ही या." आई आत गेली. पडदा पडला.

तो बाहेर पायरीवर उभा राहिला आणि त्याने भूजलतज्ज्ञ बाईला फोन लावला. इस्त्रीला दिलेल्या कपड्यांसाठी दोन गिऱ्हाइकं येऊन थांबली होती. त्यांच्यादेखत त्याला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं, आणि लाइन खराब असल्यामुळे मोठ्याने.