राखणेची काठी

काठी माझ्या दारात आली ती चुकून आली, हे मला बघताक्षणी कळलं होतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी म्हणायला नको की म्हातारीच्या लक्षात आलं नाही. लक्षात आलं होतं. म्हणूनच मी ती झटकन उचलली आणि आत नेऊन देव्हाऱ्याखाली ठेवली.

मसुऱ्यात आमच्या वाडीत अकरा घरांत शेळ्या आहेत. पावसाळाभर भातं शेतात उभी, शेळी मोकळी सोडायची सोय नाही. म्हणून रोज सकाळी अकरा घरांच्या शेळ्या पिंपळाच्या पाराजवळ गोळा करायच्या आणि एका घरच्या माणसाने सगळा कळप वर सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळी माळावर, चरायला न्यायचा. याला आम्ही राखण म्हणतो. संध्याकाळी शेळ्या घरोघर पोचल्या की राखणाऱ्याने हातातली काठी शेजारच्या घराच्या खांबाला टेकवून ठेवायची. काठी दिसली की समजायचं, उद्या आपण. निरोप नाही, बोलावणं नाही. बारा महिन्यांतले चार महिने ती काठी वाडीभर फिरत असते, माझ्या सासूच्याही आधीपासून.

नऊ वर्षांपूर्वी याचाच संघ केला. शेळी-मेंढी पालक संघ. मेंढी आमच्यात औषधालाही नाही, सरकारी कागदावर तसं छापलेलं होतं म्हणून नावात घुसली. खालच्या घरच्या दत्तप्रसादने हौसेने घाटावरून एक आणली होती, ती आमच्या पावसात खुरं कुजून पंधरा दिवसांत गेली बिचारी. तरी फलकावर चित्र तिचंच आहे. असो. संघाला मी नावं ठेवणार नाही. लस वेळेवर येते, जनावरांचा डॉक्टर फोन केला की येतो, जत्रेच्या तोंडावर व्यापारी येऊन आम्हाला एकेकट्याला गाठायचा तेही बंद झालं. माझा नवरा तुकाराम गेला तेव्हा तेरा दिवस माझ्या शेळ्या कोणी ना कोणी सोडून नेत होतं आणि आणून बांधत होतं. कोणाला सांगावं लागलं नाही. तेराव्याच्या संध्याकाळी मी बाहेर आले तर काठी माझ्या खांबाला टेकलेली. मी तिथेच पायरीवर बसून हमसून हमसून रडले. तेरा दिवसांत जेवढी रडले नव्हते तेवढी रडले. त्या काठीमुळे मला कळलं की नवरा गेला तरी वाडीने मला मोडीत काढलेलं नाही.

आता माझी चूकही सांगते. श्रावणातला सोमवार होता. राखण माझी आणि उपासही माझा. सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नाही. सड्यावर ऊन-पाऊस चाललेला, जांभळीखाली टेकले आणि माझा डोळा लागला. फार तर दहा मिनिटं. तेवढ्यात सुदेशच्या घरची एक पाठ, म्हणजे वर्षाच्या आतली शेळी, जुन्या चिरेखाणीच्या कपारीत पडली. पाय मोडला. मी खाणीत उतरले, तिला खांद्यावर घेऊन वर आले. सत्तरीला दोन वर्षं कमी असताना उतरले आणि चढलेही, पण त्याचं कौतुक नको. डोळा लागला ही चूक माझी. सुदेशच्या दारात जाऊन मी तसं तोंडाने सांगितलं.

हा सुदेश आमच्या संघाचा अध्यक्ष. माझ्या वरच्या घरचा. कुडाळला कंपनीत होता, तिथलं सोडून शेळ्यांत पडला. कामाला वाघ आहे, खोटं कशाला बोलू? लहानपणी माझ्या मांडीवर खेळलेला. पण त्याची एक खोड आहे. एरवी मालवणीत बोलतो आणि कोणाकडून काही काढून घ्यायचं असलं की छापील मराठीत शिरतो.

गणपती गेल्यावर शाळेच्या पडवीत सभा भरली. सुदेश उभा राहिला आणि म्हणाला, "आपल्या संघाच्या ज्येष्ठ सभासद श्रीमती कृष्णाबाई यांनी आजवर दिलेल्या योगदानाबद्दल संघ त्यांचा आभारी आहे." मी मनात म्हटलं, गेलं काहीतरी. "यापुढे साठीच्या वरच्या सभासदांना राखणेतून मुक्त करण्यात येत आहे. त्यांच्या शेळ्या संघ सांभाळेल. त्यांनी केवळ मार्गदर्शन करावं."

मार्गदर्शन! मेल्या, शेळीला मार्गदर्शन करतात?

पण हे मी बोलले नाही हो. सगळ्यांनी हात वर केले, टाळ्या वाजवल्या, माझ्या अंगावर शाल घातली, हातात नारळ दिला आणि मी ठोंब्यासारखी उभी. मी! जिच्या तोंडाला अख्खी वाडी बिचकते ती. घरी आल्यावर शब्द सुचले, तेव्हा ऐकायला माझी गाभण शेळी चांदी तेवढी होती. शाल तिच्या अंगावर टाकली. सकाळपर्यंत तिने तिचे गोंडे खाऊन टाकले.

आणि त्याच आठवड्यात दत्तप्रसादने काठी माझ्या दारात ठेवली. नवी यादी सगळ्यांच्या फोनवर गेली होती, त्याने तिच्यावर अंगठाही उठवला होता. यादीत त्याच्यानंतर माझं नाव गाळून थेट सुदेशचं घर. पण तीस वर्षं राखण संपली की त्याचे पाय माझ्याच दाराकडे वळलेले. त्या संध्याकाळीही वळले. खांबाला काठी टेकवून तो खाकरत खाकरत घरी गेला, यादीबिदी त्याच्या ध्यानातही नाही.

दिवेलागणीच्या आधीच सुदेश आला.

"काकी, काठी हयसर इली काय गो?"

"इली."

"दत्तूकाकान चुकान ठेवल्यान. दी माज्याकडे. उद्या राखण आमची."

"चुकान ठेवल्यान, पण बरोबर जाग्यार ठेवल्यान," मी म्हटलं. "उद्या राखण माजी."

तो पायरीवर बसला. चेहरा त्रासलेला. "काकी, तुज्या बऱ्यासाठीच केला ता. सड्यार खंय पडलंस बिडलंस तर?"

"पडलंय तर उचलून हाडा. त्येच्यासाठीच संघ आसा ना?"

"सगळ्यांनी हात वर केल्यानी, काकी. नेम झालो आसा."

"आणि माका कोणी इचारल्यान? सुदेश, माजी चूक झाली. दंड सांग. तुजी पाठ महिनोभर तुज्या गोठ्यार येवन सांभाळलंय, आणखी महिनोभर सांभाळतंय. पण दिस काढून घेव नको. लस दितास, डॉक्टर हाडतास, सगळा दितास, आणि माज्याकडसून घेवचा म्हणजे काय ता कायच नाय? मग मी सभासद कसली? मी तुमच्या गोठ्यातली आणखी एक शेळी झालंय."

सुदेशने डोकं खाजवलं. "आये पण गेल्या वर्सापासून राखणेक जाणा नाय. तिना कधी तक्रार केल्यान? सुखात आसा."

त्याची आई हौसाबाई माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. गुडघे दुखतात म्हणून सुदेशने तिची राखण स्वतःवर घेतली होती. ती काही बोलली नाही, आणि मीसुद्धा कधी विचारलं नाही. त्या क्षणी मला त्याची लाज वाटली, पण सुदेशसमोर कशी कबूल करणार?

"माका तू हौसाबायचा सांगू नको," मी म्हटलं. "उद्या सकाळी मी पारार उभी रवतलंय. ज्येका माज्याकडे शेळ्यो दिवच्यो आसत त्येना दिवच्यो. ज्येका भय वाटता त्येना तुज्याकडे."

सकाळी पाऊस उघडला होता. पाराच्या एका अंगाला मी, हातात काठी, सोबत माझ्या आठ शेळ्या. दुसऱ्या अंगाला सुदेश, त्याच्या शेळ्या आणि हातात नवीन तोडलेली ओली काठी. पहिला आला दत्तप्रसाद. मधोमध उभा राहून दोन्हीकडे बघू लागला.

"वैनी, घोटाळो माजोच झालो गो," म्हणाला.

"झालो तो बरो झालो. आता खंय जातंस ता सांग."

बराच वेळ घुटमळला आणि शेवटी आला माझ्याकडे. मग यशोदा आली. माझ्या सुनेच्या वयाची, माझी लाडकी. तिने शेळ्या सुदेशकडे वळवल्या. "राग मानू नको, काकी. तीन गाभणी आसत माज्या." मी म्हटलं, "राग नाय." होता. चांगला होता. पण तिचंही खरं होतं, तिच्या गोठ्यात दुसरं आहे काय? आणखी दोन घरं सुदेशकडे गेली, धनेश माझ्याकडे आला तोही मान खाली घालून. माझ्याकडे दोन घरं, सुदेशकडे तीन. बाकीचे वाटेत फोन बघत उभे.  आज हरले तर ही काठी उभ्या जन्मात परत माझ्या खांबाला लागणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं.

तेवढ्यात वरच्या वाटेने हौसाबाई आली. एका हाताने कुंपणाला धरत धरत, दुसऱ्या हातात दोरी, आणि दोरीला तीच पाठ, पाय मोडलेली. पाय बरा झाला होता, जरा वाकडा टाकत होती एवढंच.

"आये, तू कित्याक इलंस?" सुदेश पुढे धावला. "शेळ्यो मी हाडलंय ना सगळ्यो?"

"ही रवली होती," हौसाबाई म्हणाली. त्याच्या समोरून ती सरळ माझ्याकडे आली आणि दोरी माझ्या हातात दिली. "घे गो. हिका पण ने."

मी दोरी मनगटाला गुंडाळली. सुदेश म्हणाला, "आये, हिच्याकडेच पडलेली ना ती?"

"पडली आणि हिनाच वर काढल्यान," हौसाबाई म्हणाली. मग तिचा आवाज चढला. तिचा आवाज चढलेला मी चाळीस वर्षांत ऐकला नव्हता. "आणि मी सुखात आसंय म्हणान तुका कोणी सांगल्यान रे? काल तुमचा बोलणा माज्या कानार पडला. वरस झाला, काठी आपल्या दारात येता आणि तू माज्या म्होरसून उचलून न्हेतंस. मी खिडकीत बसान कान देवन मोजतंय, पारार कोण इला, कोण नाय. माका हिच्यासारख्या तोंड नाय म्हणान गप रवलंय. परत फिरान इली की उद्या काठी माज्या हातात दी, कृष्णाबाय. माज्या हातात. ह्येच्या नको."

यशोदेने जीभ चावली, "शिरा पडो माज्या भयार" अशी काहीतरी स्वतःलाच शिवी पुटपुटली आणि आपल्या शेळ्या माझ्याकडे हाकलल्या. तिच्या मागून बाकीची घरं आली. सुदेश एकटा उरला. त्याने ओली काठी पारावर टाकली, आपल्या शेळ्यांकडे बघितलं आणि त्यांना तिथेच सोडून घरी निघून गेला. मी त्याही घेतल्या. एकसष्ट शेळ्या नेल्या, डोळ्यांत तेल घालून राखल्या, आणि एकसष्ट परत आणल्या. भाकरी दोनदा खाल्ली, सोमवारचा उपास असूनही. देवाला सांगितलं, आज रागवायचं तर रागव.

संध्याकाळी काठी घेऊन सुदेशच्या दारात गेले. तो ओटीवर बसला होता. मला बघून उठला आणि हळू आवाजात म्हणाला, "काकी, गुडघ्याचा मी उगीच सांगी. आयेक दिसणा नाय. एका डोळ्यात मोतीबिंदू आसा, दुसऱ्यार पण इलेलो आसा. ती कोणाक सांगूक दिणा नाय. तू काठी माज्याकडे दी."

माझा हात थांबला. खरं सांगते, थांबला. सकाळी पारावर माझी छाती फुगली होती, ती सगळी बसली. हा मुलगा वर्षभर आईचं गुपित राखून होता, त्यापायी सकाळी चारचौघांत तिचीच बोलणी खाल्ली आणि मी त्याला चोर ठरवलं होतं. पण आतून हौसाबाई दारात आली. चौकट चाचपत आली, तेव्हा मला दिसलं.

"माका दिसता तितक्या पुरे," ती म्हणाली आणि हात पुढे केला. "डोळो कृष्णाबायचो पण लागलोच ना? तिका देतंस, मग माका कित्याक नाय?"

मी काठी तिच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझ्या शेळ्या घेऊन पारावर गेले. हौसाबाई काठी टेकून उभी होती, लुगडं घट्ट खोचून, नव्या नवरीच्या ऐटीत. मी दोन हातांवर होते, तरी तिने विचारलं, "कोण गो ता?"

मी चांदीची दोरी आखडली. चांदीला दिवस भरत आले होते. सड्यावर खाण आहे, वर शेवाळ आहे. पलीकडे सुदेश उभा होता. तो माझ्याकडे बघत होता. काल त्याच जागी त्याला काय वाटलं असेल ते मला आज कळलं.

मी चांदीच्या गळ्यातली दोरी सोडली.

"मीच गो. आठ आसत. चांदी गाभण आसा, खाणीकडे सोडू नको."

"माका शिकव नको," हौसाबाई म्हणाली आणि तिने कळप हाकलला.

सुदेशच्या शेळ्या तिच्या कळपात आधीच होत्या. कळप वळणाआड गेला तशी मी पारावर बसले. त्या दिवशी राखण माझी नव्हती, घरी दहा कामं पडली होती, तरी मी संध्याकाळपर्यंत तिथून उठले नाही. शेजारी सुदेश बसून होता. त्यालाही कुठे जावंसं वाटत नव्हतं.