तुमच्या नावावर काय आहे?

‘‘डू यू ओन एनी प्रॉपर्टी?’’ कौन्सिलमधल्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकेतल्या, मुलीने स्क्रीनवरची नजर न काढता विचारलं.

‘‘तुमच्या नावावर घर, जमीन काही आहे का?’’ वैजयंतीबाईंनी सीमाला विचारलं.

परदेशात अठरा वर्षं दुभाष्याचं काम करून त्यांना एक कळलं होतं, की या ‘ओन’ला आपल्याकडे धड क्रियापद नाही. आपल्याकडे घर नुसतं ‘असतं’. कोणाचं, ते तलाठ्याकडे गेल्यावर कळतं. म्हणून त्या सरळ ‘नावावर’ म्हणायच्या.

‘‘आहे की. कराडला घर आहे आमचं,’’ सीमा म्हणाली.

दुभाष्याने समोरच्याचं बोलणं जसंच्या तसं, ‘मी’ म्हणूनच सांगायचं असतं, पदरचं अक्षर घालायचं नसतं. ‘‘कराडला आमचं घर आहे,’’ वैजयंतीबाईंनी इंग्रजीत सांगितलं आणि मुलीची बोटं थांबली. सीमाचा नवरा दीड वर्षापूर्वी निघून गेला होता. घर सोडायला घरमालकाने दिलेली मुदत शुक्रवारी संपत होती. नावावर घर निघालं तर बेघरांसाठीची कौन्सिलची खोली मिळणं कठीण होतं.

‘‘त्यात तुमचा हिस्सा किती?’’ मुलीने विचारलं.

‘‘तिसरा होता. गेल्या भाऊबीजेला सोडला. भाऊ म्हणाले, आक्का, तू तिकडं सुखात आहेस, सही करून टाक. नवरा गेल्याचं मी कळवलंच नव्हतं. केली सही.’’

‘‘बदल्यात काय मिळालं?’’

‘‘साडी घेतली त्यांनी. भारीतली.’’

‘‘अ साडी,’’ वैजयंतीबाई म्हणाल्या. दुभाष्याचंच काही चुकत असावं, अशा नजरेने मुलीने त्यांच्याकडे पाहिलं.

मग तिने नियम सांगितला. मदत मिळावी म्हणून कोणी मालमत्ता देऊन टाकली, तर ती त्याच्याच मालकीची धरतात. तेव्हा का दिली, ते सांगावं लागेल.

‘‘देऊन टाकल्यावरपण माझंच धरतात?’’ सीमा हसली. ‘‘बरं आहे की इकडं!’’ वैजयंतीबाईंनी तेही सांगितलं. मुलगी हसली नाही.

‘‘माहेर तुटू नये म्हणून दिलं,’’ सीमा म्हणाली.

इथे वैजयंतीबाई अडल्या. माहेरला इंग्रजीत शब्द नाही हे त्यांना माहीत होतं, पण आजवर कधी नडलं नव्हतं. ‘‘आईवडिलांच्या घरी मला येता-जाता यावं म्हणून,’’ त्यांनी सांगितलं.

‘‘पण घरात हिस्सा होता ना तुमचा? आपल्याच घरी जायला परवानगी कशाला?’’

‘‘हिला भाऊ नाही वाटतं,’’ सीमा म्हणाली.

हेही सांगणं भागच होतं.

‘‘दोन आहेत,’’ मुलगी म्हणाली. ‘‘पण आमची आई कौन्सिलच्या घरात राहते. सोडायला काही नव्हतंच.’’

तिने ‘कौटुंबिक कारण’ असं टाइप केलं. हक्कसोडपत्राची प्रत गुरुवारपर्यंत आणा, म्हणजे पुढचं बघू, असं सांगून तिने पुढचा नंबर पुकारला.

प्रत कराडला, भावाच्या कपाटात होती. बाहेर बस स्टॉपवर सीमाने फोन लावला. काम संपलं की दुभाष्याने निघायचं असतं; वैजयंतीबाई उभ्या राहिल्या. फोन भावजयीने उचलला. तिचा आवाज शेजारीही ऐकू येत होता.

‘‘कशाला लागतोय कागद? आता परत काही उकरून काढताय का, वन्सं?’’

‘‘नाही गं, इथं ऑफिसात दाखवायचाय नुसता—’’

तिकडून फोन बंद झाला. वैजयंतीबाईंना सीमाची कीव आली, आणि तिच्याहून जास्त स्वतःची.

‘‘ताई, तुम्ही केली होती सही?’’ सीमाने विचारलं.

‘‘केली. बाबा गेले त्याच वर्षी.’’

‘‘मग? जाता ना माहेरी?’’

वैजयंतीबाई साताऱ्याला, माहेरी, शेवटच्या गेल्या, त्याला दोन वर्षं झाली होती. भावाने चहा दिला होता आणि जेवायची वेळ झाल्यावर रिक्षा कुठे मिळेल ते सांगितलं होतं. त्या स्टँडसमोरच्या लॉजवर राहिल्या होत्या.

‘‘जाते की,’’ त्या म्हणाल्या. ‘‘दर दिवाळीला. भाऊ एअरपोर्टवर घ्यायला येतो.’’

सीमाने डोळे पुसले आणि पुन्हा कराडचा नंबर लावला.