माझ्या सालीवरचा वण

मी गोरखचिंच बोलतीय. वर बघू नगा, फळ डोस्क्यात पडंल. म्होरं बघा. एका लुगड्यात दोन बाया कोंबल्यावानी जी जाडजूड दिसती ना, तीच मी. जामखेडच्या आंगाला माळावर हुबी हाय.

माझा जल्मच रगतातला. निजामशाहीच्या फौजंत आफ्रिकेतनं आलेले हबशी घोडेस्वार हुते. त्यातला एक हितं पडला. पाठीत भाला, दोनी हातांनी गवात उपटीत, पानी मागत मेला. त्याच्या घोड्यावरच्या खुर्जीत माझ्या आयचं फळ हुतं, त्याच्या मुलखातलं. घोड्याच्या टापंखाली ते फुटलं, आन् मी तिथंच रुजले.

गाव म्हनतं, नाथबाबांनी काठी रोवली, तिला पालवी फुटली. म्हनू दे. बाबांशी माझं भांडान न्हाई. पर मरनाऱ्याचं त्वांड मी इसरले न्हाई.

म्होरं लई मार खाल्ला. पेंढाऱ्यांनी माझ्या फांद्यांना मानसं टांगली. नवसाला म्हनून लोकांनी खिळं ठोकलं. पिरेमातल्या पोरांनी चाकूनं नावं कोरली. निम्म्यांची लगनं मोडली, नावं आजून हायेत. एक बाप्या तर बायकुला बडवायला माझीच डहाळी मोडीत हुता. सोडलं एक फळ त्याच्या टाळक्यात. नारळावानी टनक आसतंय. बसला हिशेब लावीत, वारा तर न्हाई, मग पडलं कसं. म्हातारीची तेवढीच करमनूक.

आता खरं सांगायचं ते सांगते.

माझ्या नावानं जत्रा भरती. तिच्या कमिटीचा अध्यक्ष काकासाहेब. गळ्यात साखळी, आवाज ट्रॅक्टरचा. त्याच्या धाकल्या भावाची, बिभीषनाची बायकू रुपाली. ती जामखेडला कालेजात शिकवती. एकदा ती माझ्याकडं एका पोरीला घिऊन आली. चिफुंदो तिचं नाव. आफ्रिकेतल्या मलावी देशाची, राहुरीकडं शेतकी शिकायला आलेली. मराठी शिकली खानावळीतल्या मावशीकडनं, म्हनून शिव्या आधी आल्या, बाकीचं मागनं.

मला बघितलं आन् पोरगी पळत यिऊन आंगावरच आदळली.

"रुपालीताई, ही आमच्या दारातली हाय की. हिला हितं कुनी आनून टाकली?"

दोघी माझ्या बुडाशी बसल्या. रुपाली मोबाईलवरच्या ज्ञानकोशात लिवायची. ते म्हंजी फुकटातलं पुस्तक. जगातल्या कुनीबी लिवावं, कुनीबी खोडावं.

चिफुंदो म्हनली, "त्यात आमचा मुलूख बघाय गेलं तर काय दिसतं, सांगू? सिंह. न्हाईतर पोट खपाटीला गेलेलं पोर. फोटू काढनारा परका, लिवनारा परका. आमच्यात कुनी काम करीतच न्हाई जनू."

"मग तू लिव की."

"लिवलं. आमच्याकडं बाया हिची साल सोलत्यात, दोरखंड वळत्यात. झाड मरत न्हाई, नवी साल येती. माझी आजी जल्मभर तेच करीत हुती. कुन्या मेल्यानं खोडलं. पुरावा न्हाई म्हनं."

"आजीचे हात पुरावा न्हाई व्हय?"

"हातांचा फोटू कोन काढतंय, ताई?"

रुपालीनं मोबाईल काढला. मग तिनं आपल्या गावाच्या पानावर लिवलं, गावातली गोरखचिंच मूळची आफ्रिकेतली. तिकडच्या बाया तिची साल काढत्यात आन् ती पुन्यांदा येती.

काकासाहेबानं ते वाचलं आन् आंगठा दाबून खोडलं. रुपालीनं झाडाझुडपाच्या पुस्तकाचा दाखला देऊन परत घातलं. त्यानं परत खोडलं. जामखेडच्या बाजारात कुनीतरी त्याला खिजवलं, "काय अध्यक्ष, औंदा हबश्यांची जत्रा व्हय?" त्या दिशी घरी गेल्या गेल्या त्यानं जेवनाचं ताट भिंतीवर हानलं.

"आमच्या देवाच्या झाडाला काळ्यांचं म्हनती?"

"देवाला रंग तुमी लावताय, भाऊजी," रुपाली म्हनली.

त्यानं तिच्या थोबाडीत मारली. व्हट फुटला. बिभीषन तिथंच जेवत हुता. त्यानं भाकरीचा तुकडा कोरड्याशात बुडवला, आन् बुडवूनच बसला. ही समदी गोष्ट बायांनी माझ्या सावलीत बसून सांगितली, रंगवून रंगवून.

दुसऱ्या दिशी सकाळीच काकासाहेब कुऱ्हाड घिऊन आला. मागं निम्मा गाव. चिफुंदो रुपालीकडं मुक्कामाला हुती, त्या दोघीबी धावत आल्या.

"नवी साल येती म्हनं," काकासाहेब वरडला. "सोलतो हिला. आली तर तुमचं खरं. मेली तर ही मलावीची बाई आन् तिची आजी, दोगीबी खोट्या."

देवाचं झाड म्हनून भांडनारा देवाच्याच झाडाला सोलाय निघाला. कुनी त्याला इचारलं न्हाई. समद्यांनी मोबाईल काढले.

पैला घाव बसला. माझं लाकूड मऊ, पान्यानं भरल्यालं. कुऱ्हाड रुतून बसली. त्यानं माझ्यावर पाय देऊन उपसली, परत घातली. ढलप्यांवर ढलप्या. बोकड सोलत्यात तशी साल ओरबाडली. पानी गळाय लागलं. दुखलं का? दुखलं की. तुमच्या आंगाचं कातडं काढून बघा.

रुपाली आडवी गेली. त्यानं कुऱ्हाडीचा दांडा फिरवला, तिचं मनगट कडाडलं. वाळकी फांदी मोडावी तसा आवाज. चिफुंदो त्याच्या पाठीवर बसली आन् कानाला चावली. गर्दीतनं एक दगूड आला, तिचं कपाळ फुटलं. रगात डोळ्यात उतरलं तरी दात सुटंनात. मी फळ सोडलं. पर माझाबी नेम चुकला, त्याच्या डोस्क्याऐवजी खांद्यावर बसलं. कुऱ्हाड खाली पडली.

तवर मालनबाई आली, काकासाहेबाची आय. वाळकं खोड. हातात खुरपं. आली ती माझ्या सोललेल्या आंगाला पाठ लावून हुबी ऱ्हायली, लुगडं वलं झालं.

"आता मला सोल," ती म्हनली.

"आये, बाजूला हो."

"तुझ्या बानं मला हितंच मारली हुती, ह्याच झाडाखाली. तवाबी गाव बघतच हुतं. सोल म्हनते ना."

मालनबाईनं खुरपं फेकलं, पायतान काढलं आन् त्याला समद्यांम्होरं थोबाडभर हानलं. मग दोनी पोरींना घिऊन जामखेडच्या ठान्यात गेली आन् पोटच्या पोराच्या इरुद्द जबानी दिली. बिभीषन सोबत गेला, पर बायकुच्या मागं मागं, पिशवी धरून.

काकासाहेब तुरुंगात हुता तवर मी उघडीच. मुंग्या लागल्या, उन्हानं भाजलं. गाव रोज बघाय येई, मेली का म्हनून. रुपाली प्लाश्टरातल्या हातानं मोबाईल धरून फोटू काढी. ना काही लिवी, ना कुनाशी वाद घाली. चिफुंदो आली की बोटानं चाचपी आन् म्हनी, "मरू नगं गं, म्हातारे. आजी खोटी पडंल."

मरते कशाला. पैला पावसाळा गेला, कडंनं गुलाबी कातडी आली. दुसऱ्या पावसाळ्यात ती आतवर सरकली आन् राखाडी झाली. वण ऱ्हायला, साल आली.

ते फोटू आता ज्ञानकोशात हायेत. चिफुंदोच्या आजीचं वाक्य हाय, मलावीच्या बायांचं काम हाय, शेजारी माझं सोललेलं आंग. खाली लिवलंय, आमच्या गावच्या काकासाहेबानं कुऱ्हाडीनं काढलेली साल. त्यानं आफ्रिका खोडाय घाव घातले, त्याच घावांनी ती पक्की झाली. आता कुनी खोडत न्हाई. चिफुंदो गावी गेली आन् आजीच्या हातांचे फोटू काढाय लागली. म्हातारी आजून दोरखंड वळती म्हनं.

पर एक ऱ्हायलं. ज्यानं मला आनलं त्या घोडेस्वाराचं नाव कुठंच न्हाई. मलाबी ठावं न्हाई. त्यो पानी मागत हुता, नाव सांगाय त्याला सवड न्हवती. तुमच्या घरात कुनी आजून बोलतंय तवर इचारून घ्या, आन् लिवा. मागनं माझ्यासारख्या झाडांना साल काढून दावावी लागती.

बरं, निघा आता. काकासाहेब येतोय. सुटून आल्यापासनं रोज येतो, वणावर हात ठेवतो, आन् कुनी बघत न्हाई आसं बघून म्हनतो, "आली की गं."

आली की. आन् आज वाराबी न्हाई. एक फळ राखून ठेवलंय. ह्या बारीला नेम चुकायचा न्हाई.